क्लाउडमधील माहितीची राखीव प्रत

दिनांक २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील हजारो नस्ती भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत नाही, तो एकदा गेला की गेलाच, याची प्रखर जाणीव त्या घटनेने करून दिली. आज अनेक अभिलेख संगणकावर आले आहेत. परंतु माहिती संगणकात गेली म्हणजे ती कायमची सुरक्षित झाली, असे मानणे धोक्याचे ठरेल.

दक्षिण कोरियाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील देजॉन शहरातील शासकीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटऱ्यांना आग लागली आणि ६०० हून अधिक शासकीय संगणक प्रणाली बंद पडल्या. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, त्या टप्प्याटप्प्याने सुरू करता आल्या. मात्र अधिकाऱ्यांची कागदपत्रे साठवणाऱ्या 'जी-ड्राइव्ह' या प्रणालीची राखीव प्रत केंद्राबाहेर नव्हती. तिच्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड हे नाव मेघाचे असले, तरी माहिती आकाशात नसते. ती एखाद्या इमारतीतील संगणकांतच असते आणि तेथे आग, पूर वा मानवी चूक घडू शकते. भारत सरकारच्या 'मेघराज' उपक्रमातून शासकीय खात्यांना क्लाउड सेवा मिळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. एका शहरातील माहितीची प्रत दुसऱ्या दूरच्या शहरात का ठेवावी, हे यावरून सहज ध्यानात येईल.

प्रत कशी घेतली जाते?

डेटाबेस म्हणजे नोंदींचा सुव्यवस्थित साठा. त्याची पूर्ण प्रत ठरावीक वेळी, बहुधा रात्री, घेतली जाते. दिवसभरात होणारा प्रत्येक बदल 'लॉग' नावाच्या क्रमवार नोंदवहीत उतरतो. आरंभीची शिल्लक आणि रोजकीर्द हाती असली की कोणत्याही क्षणाची शिल्लक काढता येते, तसाच हा प्रकार होय. दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी चुकून नोंदी पुसल्या गेल्या, तर रात्रीची प्रत घेऊन तीवर ३ वाजून ११ मिनिटांपर्यंतचे बदल चढविता येतात. अशी परत मिळविलेली माहिती बहुधा नव्या डेटाबेसमध्ये उभी केली जाते. ती तपासल्यावरच कामकाज तिकडे वळवावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मूळ डेटाबेसबरोबर क्षणोक्षणी बदलणारी जुळी प्रत ही राखीव प्रत नव्हे. मूळ संगणक बंद पडला तर जुळी प्रत काम सांभाळते. परंतु मूळ नोंद चुकून पुसली तर ती तेथूनही पुसली जाते.

दुसरा धोका एकाच खात्यावर विसंबण्याचा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडमधील संच पुरवठादाराच्या चुकीने नष्ट झाला. त्या वेळी अन्य पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतींचे साहाय्य झाले. म्हणूनच माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा नियम रूढ झाला आहे.

परीक्षा हीच खात्री

प्रत घेणे हे अर्धेच काम होय. 'गिटलॅब' या संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून मूळ डेटाबेस चुकून पुसला गेला. नित्याच्या प्रती शोधल्या, तेव्हा त्या घेण्याची क्रियाच अयशस्वी होत होती, असे आढळले. त्याची सूचना देणारे ई-मेलही पोहोचत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. तरीही सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतील माहिती कायमची गेली.

यास्तव प्रत्येक कार्यालयाने दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात: किती वेळाची माहिती गमावणे परवडेल आणि किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे. पहिल्यावर प्रत किती वारंवार घ्यावी हे अवलंबून असते. दुसऱ्यावर सज्जतेचा खर्च. प्रती पुसण्याचा अधिकार मोजक्यांच्याच हाती असावा. त्या सांकेतिक लिपीत असतील तर त्यांची किल्ली वेगळी जपावी. मुख्य म्हणजे ठरावीक काळाने प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष उभी करून पाहावी.

सातबाऱ्यावरील नाव, जन्माची नोंद, विद्यार्थ्याचे गुण ही माहिती कार्यालयात असली, तरी ती नागरिकांची ठेव आहे. सेवा पुरवठादाराशी करार केल्याने तिची जबाबदारी संपत नाही. "राखीव प्रत आहे का?" एवढे विचारून थांबू नये. "ती शेवटची कधी उघडून पाहिली?" हाही प्रश्न पंचायत सदस्यांनी, मुख्याध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी विचारला पाहिजे.