संकोच नको, खरी हकीकत सांगा

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे व्यापारी कुटुंबांत आजही पुष्कळ आहेत. अशा घरातील रांगते मूल आजोबांजवळ गादीवर रमते. एखाद्या दुपारी ते रडू लागले म्हणून आजोबा त्याच्या हाती पंख्याचा लहानसा रिमोट देतात. थोड्या वेळाने पाहावे तो झाकण निघालेले आणि आतला बटणासारखा चपटा सेल नाहीसा! 'कोठे तरी पडला असेल' असे म्हणून आजोबा गप्प बसतात. रिमोट आपणच दिला, हे सूनबाईंना कसे सांगावे? हा संकोच स्वाभाविक असला, तरी तोच घातक ठरतो.

असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, तीव्र क्षार तयार होतो आणि २ तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. निकामी समजून काढून ठेवलेला सेलही निर्धोक नसतो. प्रारंभी मूल हसत-खेळत असू शकते. म्हणून लाळ गळण्याची वा खोकल्याची वाट न पाहता, केवळ संशय आला तरी एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये.

नाकात शेंगदाणा, मणी किंवा हरभऱ्याचा दाणा गेल्यास चिमटा, हेअरपिन यांनी टोकरू नये. वस्तू अधिक आत सरकते. कडधान्य तर ओलाव्याने फुगते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेणे हाच योग्य मार्ग होय.

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत संकोचाचे रूप निराळे असते. घरच्या कुत्र्याने बाळाला ओरखडले, तर 'आपलाच आहे, काही होत नाही' असे म्हणून गोष्ट झाकली जाते. परंतु रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीकरण सुरू करावे.

मुक्या जिवांनाही आपल्या मायेचा अपाय होतो. कौतुकाने घातलेले बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. मांजराला ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉल दिले, तर एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी पशुवैद्यांपासून काहीही लपवू नये.

व्यापारी जमाखर्चात रक्कम आणि तारीख चुकू देत नाही. तीच शिस्त येथे उपयोगी पडते. काय पोटात गेले, किती गेले, केव्हा गेले, हे नेमके सांगावे आणि वेष्टन किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्यावा.

घरच्यांचेही एक कर्तव्य आहे. चूक कबूल करणाऱ्यावर, मग ते आजोबा असोत वा घरकाम करणाऱ्या बाई, त्या क्षणी रागावू नये. ज्या घरात खरे बोलण्याची भीती वाटत नाही, त्या घरातील बाळ वेळेवर रुग्णालयात पोहोचते.