अकरा सेकंदांसाठी बारा महिने

गहुंज्याचं क्रिकेट मैदान २०१२च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. पुण्याचं मैदान म्हणून ते जगभर ओळखलं जात असलं, तरी ती जमीन मावळ तालुक्याची आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ११ जुलै २०११ रोजी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली होती. ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता किंवा मिरवता येत नाही, त्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या जोडीला बैल आला. एकाच तालुक्यात, जवळपास एकाच वेळी, एका खेळासाठी काँक्रीटचे स्टँड उभे राहिले आणि दुसऱ्या खेळाचे, बैलगाडा शर्यतीचे, घाट गवताखाली जाऊ लागले. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही मावळकर या दोहोंच्या मध्ये जगलो. आज मागं वळून पाहताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते. क्रिकेट दाराशी येऊनही गाडाशौकीन त्याचा झाला नाही. टीव्हीवर मॅच त्यानं पाहिली, घसा फोडून आरडाओरडाही केला. पण जीव लावला तो बैलगाड्यालाच.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सांगली-साताऱ्याकडं गाड्या एकमेकींच्या बरोबरीनं पळतात. आमच्याकडं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात एका वेळी एकच गाडा सुटतो. थोडी चढाची, दोन्ही अंगांनी माणसांनी भरलेली धाव असते, तिला घाट म्हणायचं. गाड्याला चार बैल आणि त्यांच्यापुढं स्वारासह पळणारी घोडी. खाली जुंपणी होते, निशाण पडतं, निवेदकाचा ‘भिर्रर्र’ कर्ण्यातून घुमतो आणि अकरा-बारा, फार तर तेरा-चौदा सेकंदांत सगळं संपतं. याला बारी म्हणतात. कर्ण्यावरून सेकंद पुकारले जातात आणि त्या आकड्यावर घाट एक तर उसळतो नाही तर हळहळतो. सगळ्यांत कमी वेळेत वर पोचलेला गाडा घाटाचा राजा.

अकरा सेकंदांत असं काय असतं, असं पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. त्यांना मी एखादा गोठा दाखवतो. पवन मावळात किंवा आंदर मावळात भल्या पहाटे जाऊन बघा. घरातल्या पोरांना दूध मिळायच्या आधी बैलाच्या खुराकाची तयारी चाललेली असते: उडीद, कणीक, दूध, अंडी, पेंड. मग मालिश, मग नदीवर किंवा धरणाच्या पाण्यात पोहणी, मग रानात फेरी. घरातली बाई बैलाला हाक मारते तेव्हा तो मान वळवतो. मालकाकडं तो बघतही नाही, असंही मी पाहिलं आहे. क्रिकेटच्या चाहत्याचा खेळाडू दूर असतो. तो पडद्यावर, फार तर जाळीपलीकडं दिसतो आणि त्याला भेटायचं तर नशीब लागतं. गाडाशौकिनाचा खेळाडू घराच्या पडवीला बांधलेला असतो. त्याचं शेण काढावं लागतं. तो आजारी पडला की घरात चूल नीट पेटत नाही. हे नातं तिकीट काढून मिळत नाही, आणि म्हणून ते तिकिटाच्या खेळाकडं वळवताही येत नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं. गाडा धावतो घड्याळाविरुद्ध. समोर शत्रू नाही. चार बैल बहुधा एकाच मालकाचे नसतात. एकाचा बैल धावणीला जबर, दुसऱ्याचा सुटायला चपळ, तर तिसऱ्याकडं दोन्ही बाजूंनी चालणारा जाणता बैल. मग वेगवेगळ्या गावांतले मालक एकत्र येऊन गाडा जुंपतात. आज ज्याच्याबरोबर जुंपला त्याच्याविरुद्ध पुढच्या यात्रेत पळावं लागतं. त्यामुळं वैर धरून कुणाला चालत नाही. दुसऱ्याची बारी चांगली गेली की टोप्या उडतात आणि भंडारा उधळला जातो, कारण उद्या त्याच बैलाशी आपला बैल जुंपायचा असतो. गाड्याची नोंद ग्रामदैवताच्या नावानं ‘प्रसन्न’ अशी होते आणि पुष्कळदा मालकाच्या जागी वारलेल्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असतं. निवेदक यादी वाचतो तेव्हा अर्ध्या मावळची वंशावळ ऐकायला मिळते. वडगावला पोटोबा महाराज, तळेगावला डोळसनाथ, कार्ल्याला एकवीरा. चैत्र लागला की देवदेवतांच्या यात्रा सुरू होतात. पूर्वी लोणावळ्याकडची माणसं पहाटेच्या लोकलनं कामशेत, वडगाव, तळेगावला उतरून पायी घाटावर जायची. भात झोडून झालेलं, रब्बी उरकलेली, पाऊस अजून लांब. तेवढ्या सुट्टीच्या दिवसांत हा खेळ वसलेला होता.

२०११च्या अधिसूचनेनं तो लगेच संपला नाही. शर्यती कधी अटींवर झाल्या, कधी थांबल्या. न्यायालयांचे आदेश येत होते आणि यात्रा कमिटीची माणसं परवानगीच्या कागदांसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर पडदा पाडला. दिवस ऐन यात्रांचे होते. ७ जानेवारी २०१६ला केंद्रानं अटींसह परवानगी देणारी अधिसूचना काढली, घाटांवर नारळ फुटायची तयारी झाली आणि १२ जानेवारीला, म्हणजे पाचच दिवसांनी, तिला स्थगिती आली. २०१७ साली तमिळनाडूत मरीना किनाऱ्यावर जनसागर उसळला आणि तिथं कायदा बदलून जल्लीकट्टू सुरू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रानंही कायदा बदलला, पण मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींना मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण दिल्लीला गेलं आणि तिथं पडून राहिलं.

ही मधली वर्षं फार वाईट गेली. घाटांच्या कडेला झाडोरा वाढला. यात्रेत पालखी निघायची, तमाशा व्हायचा, कुस्त्यांचा आखाडा भरायचा, पण दुपारी दोननंतर काय करायचं ते माणसांना सुचत नसे. ज्यांनी कर्ज काढून जोड घेतली होती त्यांनी ती पडेल भावात विकली. शेतीत तोवर पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले होते. भातखाचरातली चिखलणी बैलांशिवाय होऊ लागली होती. शर्यतही गेल्यावर बैल ठेवायचा कशासाठी, या प्रश्नाला घरातल्या शहाण्या माणसांकडं उत्तर नव्हतं. तरीही कितीतरी गोठे चालू राहिले. म्हातारे मालक सांगत, ‘पळायचं नाय तर नाय, पण दावणीला असू दे.’ मला या वाक्यात या खेळाचं सगळं गमक दिसतं. बंदीनं अकरा सेकंद हिरावले. उरलेलं वर्ष गोठ्यात तसंच चाललं होतं.

त्याच काळात गहुंजे गाजत होतं. २० डिसेंबर २०१२ला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली, तो इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. फेब्रुवारी २०१७मध्ये पहिली कसोटी झाली, तीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं बारा बळी घेतले, भारत १०५ आणि १०७ धावांत गुंडाळला गेला आणि तिसऱ्याच दिवशी सामना संपला. २०१९मध्ये विराट कोहलीनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ केल्या. पण माझ्या लेखी गहुंज्याची खरी आठवण २०१८च्या एप्रिलची आहे. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने इथं हलवावे लागले. तेव्हा त्यांचे चाहते पिवळे शर्ट घालून खास रेल्वेनं चेन्नईहून पुण्याला आले. संघ घर सोडून गेला तर आपण संघामागं जायचं, एवढाच त्यांचा हिशेब. ज्या तमिळनाडूत एक वर्षापूर्वी जल्लीकट्टू परत आला होता, तिथली माणसं मावळात येऊन नाचत होती आणि मावळचे घाट मात्र बंद होते. आमच्याकडच्या शौकिनांना त्या पोरांचा हेवा वाटला, आणि आपुलकीही. खेळापायी हजार किलोमीटर जाणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

असं वेड जगात आणखी कुठं आहे, असं विचाराल तर मला अमेरिकेतला बेसबॉल आठवतो. तिथला खरा शौकीन मैदानात पेन्सिल आणि कागद घेऊन बसतो आणि प्रत्येक चेंडूची नोंद करतो. आजोबांनी सांगितलेले आकडे नातवाला पाठ असतात. आमच्याकडंही जुन्या बाऱ्यांचे सेकंद वहीत लिहून ठेवणारी माणसं आहेत. बेसबॉलवरही एकदा शुकशुकाटाची पाळी आली. १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडूंनी संप पुकारला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच झाली नाही. १९९५मध्ये खेळ परतला तेव्हा प्रेक्षक सुमारे एक-पंचमांशानं घटले होते. चाहते खेळावर नाही, खेळाडू आणि मालकांच्या पैशाच्या भांडणावर रुसले होते. त्यांचा राग काढायला ६ सप्टेंबर १९९५ उजाडावा लागला. कॅल रिपकेननं लागोपाठ २१३१वा सामना खेळून लू गेरिगचा विक्रम मोडला, तेव्हा कुठं बाल्टिमोरचं मैदान मोकळ्या मनानं उभं राहिलं. मावळात असा रुसवा कुणावर धरायचा? ज्याच्यासाठी यायचं तो बैल कधी संपावर गेलाच नव्हता. म्हणून खेळ परत आला तेव्हा गर्दी घटली नाही, पूर्वीपेक्षा वाढली.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली. त्या संध्याकाळी गावोगाव गुलाल उधळला आणि बैलांना ओवाळलं गेलं. करोनाच्या निर्बंधांमुळं पहिल्या शर्यतींना आणखी थोडं थांबावं लागलं. फेब्रुवारी २०२२मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे स्वतः घोडीवर बसून बारीपुढं पळाले. निवडणुकीत दिलेला शब्द होता तो. १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक यांचे बदललेले कायदे वैध ठरवले. प्रश्न मिटला.

न्यायालयात गेलेल्या प्राणिमित्रांना घाटावर शिव्या देण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शेपटी पिरगाळणं, खिळ्याची काठी, विजेचे झटके हे प्रकार होत होते. ते शौकिनांनी पाहिले होते आणि पुष्कळांनी माना वळवल्या होत्या. आज चाबूक चालत नाही, धाव हजार मीटरपेक्षा लांब असू नये असा नियम आहे, आधी पशुवैद्यकाची तपासणी लागते आणि छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे नियम आपल्या बाजूचे आहेत. आतून पळणारा बैल आणि भीतीनं पळणारा बैल यांतला फरक जाणत्या मालकाला दुरूनही कळतो. घाटाचा राजा पहिल्या प्रकारचाच असावा, असं वाटणारे मालक मावळात पुष्कळ आहेत. अशा मालकांनी यात्रा कमिट्यांत बसायला हवं.

माझी काळजी आता वेगळी आहे. २०२२च्या मेमध्ये पिंपरी-चिंचवडच्या जाधववाडीत मोठी शर्यत झाली, तिथं बक्षिसात जेसीबी होता. त्यानंतर ट्रॅक्टर, मोटारी, बुलेट हे नेहमीचं झालं. टोकनासाठी एवढे गाडे येतात की एका यात्रेला तीन-चार दिवस पुरत नाहीत. तयार बैल लाखांत विकत घ्यायचा, आठ दिवसांत जुंपायचा आणि हंगाम संपला की दुसऱ्याला द्यायचा, अशी नवी चाल पडली आहे. जमिनीचा पैसा हातात आलेल्या पोरांना हे सोपं जातं. ज्या आंदर मावळच्या गोठ्यात वासरू लहानाचं मोठं होतं, तिथला मालक या बाजारात मागं पडतो. त्याच्याकडं चांगला बैल तयार झाला की मोठी रक्कम घेऊन दलाल दारात उभा असतो, आणि पोरीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला पैसा लागतोच.

काही यात्रा कमिट्यांशी याबद्दल बोलणं झालं. घरी जन्मलेल्या किंवा दोन वर्षं एकाच दावणीला असलेल्या बैलांच्या बाऱ्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवा, असं मी सुचवलं. दोन-चार जुन्या मालकांना ते आवडलं. नोंद कशी ठेवायची, खात्री कोण करणार, यावर चर्चा अडली आहे. पशुवैद्यकाकडं बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक असतो, त्यावरून हे जमेल असं एका तरुण मालकाचं म्हणणं आहे. पुढच्या चैत्रापर्यंत निदान एका घाटात तरी हे करून बघायचं ठरतं आहे.