मोशे : काढलेला की काढणारा?

राहात्याला शाळेत आमच्या वर्गात एक मोशे होता. नावाचा अर्थ विचारला की सांगायचा, 'पाण्यातून काढलेला'. बायबलमधल्या निर्गम पुस्तकात तसंच आहे: फारोची मुलगी नदीत सापडलेल्या बाळाला हे नाव देते. हिब्रूत 'माशा' म्हणजे बाहेर काढणं.

पण थांबा. व्याकरणानं बघितलं तर 'मोशे' म्हणजे काढलेला नव्हे, काढणारा! आणि इजिप्तची राजकन्या हिब्रू नाव का ठेवेल? म्हणून बरेच अभ्यासक इजिप्शियन 'मस' धातूकडे बोट दाखवतात. अर्थ, जन्मणं. थुतमोस या राजाच्या नावात थोथ हा देव आहे. मोशे म्हणजे मग देवाचं नाव गळून उरलेला अर्धा भाग.

इथेही एक अडचण आहे. निर्गममध्येच रामसेस शहराच्या नावातला इजिप्शियन 'स' हिब्रूत 'स'च राहिलाय. मग मोशेत 'श' कुठून आला?

आता कोकणात या. बेने इस्राएल समाजात याच नावाचं 'मुसाजी' झालं. म्हणजे पुन्हा 'स'! नाव कधी आणि कोणत्या भाषेच्या वाटेनं आलं, त्यावर ध्वनी ठरतो. मोशेची ती वाटच अजून नक्की सापडलेली नाही, म्हणून वाद मिटत नाही.

आमच्या मोशेचं उत्तर चूक नव्हतं. ते त्या गोष्टीनं दिलेलं उत्तर होतं. नावाचा उगम हा वेगळा प्रश्न.