घरापुढील हिरवळ : युरियाआधी माती पाहा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून शहराबाहेर प्लॉट घेतले आणि स्वतःचे घर उभे केले. दुकानामागच्या खोलीत किंवा चाळीत वाढलेल्या माणसाला घरापुढे मोकळी जागा मिळाली, की तेथे हिरवळ असावी असे वाटणारच. मात्र पावसाळ्यात हौसेने लावलेली हिरवळ हिवाळ्यापर्यंत पिवळी पडते, उन्हाळ्यात नाहीशी होते, आणि दरम्यान खते, औषधे, माळी व टँकर यांवर बराच पैसा गेलेला असतो. असे का होते आणि रासायनिक खतांवाचून आपल्या उष्ण हवेत हिरवळ कशी टिकते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका सुतारबंधूंनी सोलापूरकडे घर बांधले व पुढे हरळी लावली. त्यांच्या कारखान्यात रोज पोतेभर भुसा निघतो. फुकटचे खत म्हणून तो त्यांनी मातीत कालवला. महिन्याभरात गवत पिवळे झाले. माळ्याने युरिया टाकायला सांगितले. एका मुठीच्या जागी तीन मुठी पडल्या, पाणी बेताचेच, आणि गवत जागोजाग करपले. आम्ही तेथे कुदळ मारून पाहिली, तर चार बोटांखाली विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट आणि फुटक्या फरशा. मुळांना जायला वाटच नव्हती.

या एका उदाहरणात दोन चुका आहेत. लाकडाचा कच्चा भुसा कुजवताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःकडे ओढतात व गवत उपाशी राहते. तोच भुसा शेणात मिसळून खड्ड्यात पूर्ण कुजवला तर चांगले खत होते, पण त्याला काही महिने द्यावे लागतात. प्लायवूड व एमडीएफचा भुसा मात्र वापरूच नये, त्यात चिकटवण्याची रसायने असतात. दुसरी चूक राडारोड्याची. सिमेंट व चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. हा पिवळेपणा युरियाने जात नाही.

आपल्या इतर धंद्यांतील मालाबद्दलही येथेच सांगतो. कोंबडीखत फार तेज असते, ताजे टाकले तर गवत जळते. शेळ्यांचे लेंडीखत उत्तम, पण तेही मुरलेलेच हवे. हाडांच्या चुऱ्यातून स्फुरद सावकाश मिळते. तो कोकणातील आम्ल जांभ्या मातीत कामाचा आहे, चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याचा फारसा लाभ होत नाही. क्रोमने कमावलेल्या चामड्याचे तुकडे व गाळ अंगणात कधीही पुरू नये.

तेव्हा हिरवळ लावण्यापूर्वी जमीन किमान नऊ इंच खणून राडारोडा बाहेर काढावा. शक्य तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्यावी. मग कुजलेले खत एक इंच जाडीने पसरून मातीत मिसळावे. ५०० चौरस फुटांना ते सुमारे ४२ घनफूट लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडे कमी. येथे काटकसर करू नये, कारण गवत लागल्यावर खाली खत मिसळता येत नाही. भरावासाठी आणलेली लाल माती मात्र नीट पाहून घ्यावी. तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी आल्या, तर पुढची कित्येक वर्षे त्या उपटण्यात जातात. नुसती पात ओढली तर ती पुन्हा फुटते, म्हणून ओल असताना खुरप्याने गाठीसकट काढावी.

गवतांमध्ये आमची पसंती हरळीलाच आहे. कोरियन गवत मखमलीसारखे दिसते, पण फार सावकाश पसरते. हरळीला दिवसाचे सहा-सात तास ऊन हवे. झाडाखाली ती विरळ होते. तेथे तिच्यामागे न लागता फरशी टाकावी किंवा सावलीतील झाडे लावावीत. लागवड जून-जुलैत पाऊस स्थिरावल्यावर करावी.

पुढील खुराकासाठी निंबोळी पेंड पुरते. तिच्यात चार-पाच टक्के नत्र असते, युरियात ४६ टक्के. पेंडीतील नत्र सावकाश सुटते. युरियाचे नत्र असे सावकाश मिळावे म्हणून २०१५ पासून देशात सर्व युरियाला निंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले, यावरून निंबाचा गुण ध्यानात यावा. ५०० चौरस फुटांना साडेचार-पाच किलो पेंड पावसाळ्याच्या आरंभी व तितकीच पावसाळा संपताना द्यावी. एरंडीची पेंडही खतासाठी विकली जाते, पण ती विषारी असते. घरी शेळ्या किंवा लहान मुले असतील तर ती आणूच नये.

गांडूळ खत विकणाऱ्या व घेणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००६ पासून सेंद्रिय खतेही १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि त्यात गांडूळ खताचा ओलावा १५ ते २५ टक्के ठरवून दिला आहे. मुठीत दाबल्यावर पाणी गळणारे खत घेणारा पाण्याचे पैसे मोजत असतो.

आता पाणी. रोज संध्याकाळी पाच मिनिटे नळी धरली, तर वरचा अर्धा इंच भिजतो, मुळे वरच राहतात आणि एप्रिलचे ऊन त्यांना भाजते. आठवड्याला साधारण एक इंच पाणी, तेही दोन वेळांत, सकाळी द्यावे. किती पडले हे रिकामे डबे ठेवून मोजता येते. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ १२०० लिटर. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत हा हिशेब आधी करावा आणि हिरवळ त्या मापाची ठेवावी. वजूचे पाणी साबणाविना असते, ते वाया न घालवता तिकडे वळवता येते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मात्र नेहमी वापरू नये. पाणी अगदीच नसेल तर हरळी तपकिरी होऊ द्यावी. जुनी, खोल रुजलेली हरळी अशाने सहसा मरत नाही, पावसाबरोबर पुन्हा फुटते.

कापणीत घाई नडते. एका वेळी पातीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये व दीड इंचाच्या खाली जाऊ नये. बारीक कापलेले गवत तेथेच पडू द्यावे, त्यातील नत्र मातीला परत मिळते. यंत्राचे पाते बोथट असेल तर पात फाटते आणि टोके पांढरी पडतात. पुष्कळ घरांत ही टोके पाहून रोगाचे औषध आणले जाते, जेव्हा काम धार लावणाऱ्याचे असते. नव्या वसाहतींत यंत्रे वाढली आहेत. धारवाल्या कारागिरांनी तेथे एक फेरी जरूर मारावी.

राहिली हुमणी. गवताचा तुकडा गालिच्यासारखा हाताने उचलला गेला, तर खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतील. मुळे त्यांनी खाल्लेली असतात. मेटाऱ्हायझियम नावाच्या बुरशीचे जैविक औषध ओल्या जमिनीत दिल्यास चालते, पण खरा उपाय आधीचा आहे. मे-जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, की तिन्हीसांजेला हिचे भुंगेरे निंब व बाभळीवर जमतात. खाली चादर अंथरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा साबण मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. आठ-दहा संध्याकाळी हे काम चालते, आणि शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून केले तरच त्याचा उपयोग होतो, कारण भुंगेरे कुंपण पाहून उतरत नाहीत.