लालपरी कंपाइल होत नाही तेव्हा

‘परतूर–आष्टी’ अशी पाटी लावलेली लाल एसटी जीटीए सॅन अँड्रियासच्या रस्त्यांवर पळवायची हौस जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या एखाद्या पोराला आली, तर लागणारी साधनं त्याला फुकट मिळतात. हा गेम पीसीवर २००५ साली आला आणि त्याचे ‘मॉड’, म्हणजे मूळ गेममधले बदल, हौशी लोक आजही करतात. गेममधल्या कोच बसचा मॉडेल क्रमांक ४३७. तिच्या टेक्श्चरमध्ये, म्हणजे बसवर चढवलेल्या चित्रात, लाल रंग भरायचा आणि पाटीही तिथेच चित्र म्हणून रंगवायची, कारण गेमच्या मूळ फाँटात देवनागरी नाही. इथवर सगळं सोपं. पण कळ दाबताच बस समोर उभी राहायला हवी असेल, तर स्क्रिप्ट लिहून ती सॅनी बिल्डर या प्रोग्रॅममध्ये कंपाइल करावी लागते. तिथे एरर येते आणि पुष्कळ पोरं तिथेच नाद सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण खरं शिकणं तिथूनच सुरू होतं.

कंपायलर आपल्या आज्ञांचे यंत्रासाठी आकडे करतो. ‘हे मॉडेल मागव’ ही आज्ञा सॅन अँड्रियासच्या स्क्रिप्टमध्ये ०२४७ या क्रमांकाची असते. कंपायलर आधी अक्षरांचे शब्द पाडतो, मग शब्दांची रचना नियमात बसते का ते तपासतो. आपल्या मनात काय होतं, हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून एररमधला ओळ क्रमांक म्हणजे आपण चुकलो ती जागा असेलच असं नाही. जिथे कंपायलरला पुढचा अर्थ लागेनासा झाला, ती ती जागा. बाराव्या ओळीतल्या ‘इफ’चा ‘एंड’ लिहायचा राहिला, तर बहुतेक कंपायलर फाइल संपेपर्यंत त्याची वाट पाहतात आणि तक्रार शेवटच्या ओळीवर करतात. तिथे दहा वेळा पाहिलं तरी काही सापडत नाही. वर सरकावं लागतं.

एकदम वीस एरर आल्या तरी दचकू नये. एका गोंधळातून पुढचे गोंधळ निपजतात. फक्त पहिली वाचावी, ती दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावं. तरी उलगडलं नाही, तर निम्मी स्क्रिप्ट तात्पुरती बंद करून चूक कोणत्या भागात आहे ते बघावं.

काही चुका मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत. वेबपेजवरून किंवा वर्डमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात, साध्या स्पेसच्या जागी वेगळ्या क्रमांकाची स्पेस बसते. फोल्डरला मराठी नाव दिलं, तर आणखी एक पेच. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्रासाठी दोन निराळी नावं. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘सापडली नाही’ असं उत्तर येतं. जुन्या विंडोज प्रोग्रॅमांना तर देवनागरी पत्ताच वाचता येत नाही. मॉडचं काम साध्या रोमन नावाच्या फोल्डरात करावं, हे उत्तम. संशयित ओळ कॉपी न करता हातानं पुन्हा टाइप करणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

ज्याला कंपायलरच्या कामाच्या मुळाशी जायचं आहे, त्याच्यासाठी जीसीसी या कंपायलरचा सगळा कोड खुला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी त्याच्या अंतरंगावर वर्षानुवर्षं काम केलं आणि शिकवलंही.

एरर गेली म्हणजे स्क्रिप्ट बरोबर, असंही नाही. ०२४७ नं मॉडेल मागवल्यावर ते मेमरीत आलं का, हे ०२४८ नं विचारावं लागतं. न विचारताच बस उभी करायला गेलं, तर कंपायलर काही बोलत नाही, पण गेम बंद पडतो. फिरत्या लूपमध्ये ‘वेट’ नसेल, तर स्क्रिप्ट गेमला सवडच देत नाही. चित्र जागच्या जागी गोठतं. त्यामुळे कंपाइल झालेली फाइल गेममध्ये टाकण्याआधी मॉडेलची तपासणी आणि ‘वेट’ या दोन गोष्टी कोडमध्ये बोट ठेवून शोधाव्यात.