चार भावंडांची राज्ये

दिवाळीच्या सुटीत एकत्र कुटुंबात दहाबारा मुले जमली, म्हणजे माळ्यावर, माजघरात अथवा परसातील चिंचेखाली एखादे राज्य स्थापन झाल्यावाचून राहत नाही. थोरल्या चुलतभावाने राजा व्हावयाचे, मधल्याने सेनापती आणि धाकट्यांनी बहुधा कैदी, हा क्रम ठरलेलाच. आमच्या लहानपणी आमच्याही घरी असे एक राज्य नांदत होते. त्याची वंशावळ, किल्ल्यांची नावे व तहांची कलमे आम्ही जमाखर्चाच्या एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेविली होती. एके वर्षी साफसफाईत ती वही रद्दीत गेली आणि राज्य बुडाले. आपण एका राज्याचा इतिहास तागडीत घालून विकला, याची वडील मंडळींपैकी कोणासही कल्पना नव्हती.

ही घरगुती हकीकत आठवावयाचे कारण असे की, इंग्लंडातील एका घरातील चार भावंडांनी रचलेल्या अशाच राज्यांचे दप्तर निम्मे वाचले व निम्मे नाहीसे झाले. जे वाचले त्यातील आगपेटीएवढी एक पुस्तिका २०१९ साली पॅरिस येथील लिलावात सहा लाख युरोंना विकली गेली. ती जेव्हा लिहिली गेली तेव्हा लिहिणारी मुलगी चौदा वर्षांची होती, आणि तिचे नाव शार्लट ब्राँटे. जी पुढे ‘जेन एअर’ या कादंबरीने जगप्रसिद्ध झाली, तीच ही.

यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ हे माळरानाच्या कडेला वसलेले गाव. तेथील चर्चचे धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटे यांची पत्नी १८२१ साली सहा मुले मागे ठेवून वारली. १८२५ च्या मे व जून महिन्यांत वडील दोन मुलीही, मारिया व एलिझाबेथ, शाळेत जडलेल्या आजाराने एकामागून एक गेल्या. उरली चौघे: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व अॅन. घराच्या एका अंगास दफनभूमी आणि मागच्या अंगास ओसाड माळ, अशा ठिकाणी ही आईवेगळी मुले वाढली.

त्या दुःखाला वर्षही पुरते झाले नसेल नसेल, तोच १८२६ च्या जूनमध्ये वडिलांनी लीड्स शहरातून ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा एक डबा आणिला. रात्री ते उशिरा परतले. सकाळी उठताच मुलगा तो डबा घेऊन बहिणींच्या खोलीच्या दाराशी गेला. शार्लटने अंथरुणातून उडी मारून त्यातला सर्वांत देखणा शिपाई उचलला आणि त्याचे नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टन असे जाहीर केले. साहजिकच ब्रॅनवेलने आपल्या शिपायास बोनापार्ट केले. एमिली व अॅन यांनीही एकेक शिपाई घेतला. पुढे त्या शिपायांना पॅरी व रॉस या ध्रुवप्रदेश शोधणाऱ्या दर्यावर्द्यांची नावे मिळाली. येथपर्यंत सारे कोणत्याही घरात घडेल असेच आहे. विलक्षण ते पुढे घडले. हा खेळ सुटीबरोबर संपला नाही. तो वीस वर्षे टिकला.

प्रथम या शिपायांना इतिहास देण्यात आला. १७९३ साली ‘इन्व्हिन्सिबल’ नावाच्या जहाजातून बारा वीर इंग्लंडहून निघाले, वादळात सापडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले, आणि तेथे त्यांनी काचनगर वसविले. चार जिन्न त्या राज्याचे पालनकर्ते. अरबी सुरस कथांतून उचललेले हे चार जिन्न म्हणजे अर्थातच चार भावंडे! या जिन्नांच्या अंगी एक सामर्थ्य होते: लढाईत पडलेल्या वीरांस ते पुन्हा जिवंत करीत. हा नियम मुलांनी कोठून आणिला, हे त्या घराच्या शेजारची दफनभूमी ज्याने पाहिली त्यास सांगावयास नको.

मग नगरास पार्लमेंट आले, वर्तमानपत्रे आली, कवी व त्यांच्यावर तुटून पडणारे टीकाकार आले. ब्रॅनवेलने नकाशा काढिला आणि कॅप्टन जॉन बड नावाचा एक इतिहासकारही निर्माण करून त्याच्या नावे राज्याचा सविस्तर इतिहास लिहिला. घरी येणारे ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ पाहून मुलांनी आपल्या शिपायांसाठी तसेच मासिक काढिले. वाचक लाकडी व बोटाएवढे, म्हणून मासिकही तेवढेच! हाताशी येईल त्या कागदाचे तुकडे कापून, शिवून, त्यांवर छापील अक्षरांसारखी बारीक अक्षरे लिहिलेली ही पुस्तके आज भिंगावाचून वाचवत नाहीत. वडिलांची दृष्टी अधू होती. तेव्हा या राज्यात काय चालले आहे हे त्यांस कळण्याचा संभवच नव्हता. पुढे त्यांनी शार्लटला एक कोरी वही दिली व तीत जे लिहावयाचे ते स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहावे, अशी सूचना वर स्वहस्ते नोंदविली. यापलीकडे त्यांनी ढवळाढवळ केल्याचे दिसत नाही. पालक म्हणून त्यांचे अनेक दोष दाखविले जातात; परंतु न समजलेल्या गोष्टीस हात न लावण्याचा हा गुण त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या किनाऱ्यावर हे बारा वीर उतरले, तो रिकामा नव्हता. तेथे अशांटी लोकांचे राज्य होते, आणि १८२४ साली त्यांनी इंग्रज फौजेचा खराखुरा पराभव करून तिच्या गव्हर्नरास ठार केले होते. मुलांच्या इतिहासात मात्र जय नेहमी वसाहतवाल्यांचा. वेलिंग्टनने सांभाळलेला अशांटी राजपुत्र क्वाशिया पुढे उलटतो व बंडखोर ठरतो. त्याचे राज्य कोणी घेतले, हा प्रश्न मुलांच्या मनात येत नाही. खेळातले राज्यसुद्धा घराबाहेरच्या हवेवरच वाढते, हे यावरून दिसते.

१८३४ साली या प्रदेशाच्या पूर्वेस एक नवे राज्य स्थापन झाले. वेलिंग्टनचा पुत्र झमोर्ना याने शत्रूस पिटाळल्याबद्दल पार्लमेंटकडून तो प्रांत बक्षीस मिळविला. त्या राज्याचे नाव वाचून मराठी माणूस थबकेल. ते नाव आहे आंग्रिया! कान्होजी व तुळाजी आंग्रे यांस अठराव्या शतकातील इंग्रज लेखक याच नावाने ओळखीत. विजयदुर्गावरील १७५६ च्या स्वारीने ते इंग्लंडात सर्वतोमुखी झाले होते. एमिली व अॅन यांच्या राज्याचे नाव तर गोंडल, म्हणजे काठेवाडातील प्रसिद्ध संस्थानाचेच. आमच्या आरमाराची कीर्ती यॉर्कशायरच्या माळावर पोहोचली, असा अभिमान बाळगण्याचा मोह होतो खरा. परंतु मुले नावे ऐकतात ती नादासाठी, एवढेच त्यातून निष्पन्न होते, असे माझे मत आहे.

आंग्रियाचा इतिहास शार्लट व ब्रॅनवेल यांनी मिळून लिहिला. भाऊ युद्धे, मंत्रिमंडळे व कारस्थाने पाही. बहीण अंतःपुर, प्रेम व मत्सर पाही. झमोर्ना हा देखणा, पराक्रमी व चंचल राजा. त्याचा सासरा व मुख्य मंत्री नॉर्थँगरलँड हा तितकाच बुद्धिमान व बेइमान. जावयाविरुद्ध सासरा बंड करतो आणि त्या दोघांच्या वैरात मेरी ही राणी भरडली जाते. १८३६ साली शार्लट वीस वर्षांची होऊन रो हेड येथील शाळेत शिक्षिका होती. ब्रॅनवेल घरी राहून आंग्रियाचा कारभार पाहत होता, आणि त्याने आपल्या अधिकारात राणीचा अंत करविला. दूर शाळेत बसून शार्लट झुरू लागली: खरोखरच राणी गेली काय? तिला मूठमाती मिळाली काय? ही चिंता तिने आपल्या टिपणांत लिहून ठेविली आहे. वाचकांस हसू येईल. पण ज्या मुलीने आई व दोन बहिणी गमाविल्या होत्या, तिला हे मरण केवळ कागदावरचे वाटले नसेल. पुढे तिने जिन्नाचा जुना हक्क बजाविला आणि राणीस जिवंत केले.

मात्र याच सुमारास स्वप्नाची किंमतही तिला कळू लागली. वर्गात बसल्याबसल्या वाऱ्याचा आवाज ऐकून आंग्रियाचे राजवाडे डोळ्यांपुढे उभे राहत, आणि एखादी मुलगी धडा विचारावयास आली की तिचा संताप होई. तिने राजकवी रॉबर्ट सौदी यांस पत्र लिहून आपल्या कवितांविषयी मत विचारिले. मार्च १८३७ मध्ये उत्तर आले. साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही व होऊ नये, आणि दिवास्वप्नांत रमल्याने माणूस संसाराच्या कामास नालायक होतो, असा त्याचा आशय. यांतील पहिल्या उपदेशाचा फोलपणा तिनेच पुढे सिद्ध केला. दुसरा मात्र तिला झोंबला, कारण त्यात सत्याचा अंश होता. १८३९ च्या सुमारास तिने आंग्रियाचा निरोप घेणारे एक टिपण लिहिले. त्या तळपत्या प्रदेशात आपण फार काळ राहिलो, आता डोळ्यांस थोडी सावली हवी, अशा आशयाचे ते आहे. आठ वर्षांनी ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील रॉचेस्टरच्या अंगात झमोर्नाचे रक्त खेळते आहे, हे आंग्रियाचे कागद वाचलेल्यास तत्काळ ओळखू येते. परंतु या वेळी त्याच्यापुढे उभी आहे ती राणी नव्हे, तर ताठ मानेची, साधी, पगारी शिक्षिका.

ब्रॅनवेलने निरोप घेतला नाही. सगळ्या घराची आशा ज्याच्यावर केंद्रित झाली होती, तो हा एकुलता एक मुलगा. त्याला चित्रकार करावयाचे ठरले, ते साधले नाही; रेल्वेत कारकुनी मिळाली, ती १८४२ साली गेली; पुढे मद्य व अफू यांनी त्याचा ताबा घेतला. वर्तमानपत्रांत त्याच्या कविता छापून येत, त्यांखाली सही असे नॉर्थँगरलँड! बहिणीने नायकास आपल्यातून बाहेर काढून कादंबरीत बसविले. भाऊ स्वतःच त्या नायकाच्या अंगरख्यात शिरून बसला. मुलगा म्हणून त्याच्यावर ठेवलेल्या अपेक्षांचे ओझे आणि मुली म्हणून बहिणींना मिळालेली उपेक्षा, यांतील अधिक घातक कोणते ठरले, याचा विचार आपल्याकडील घरांनीही करावा असा आहे.

आता गोंडलकडे वळू. १८३१ साली शार्लट रो हेड येथील शाळेत गेली, तेव्हा धाकट्या दोघी बहिणींनी काचनगरातून फुटून निघून उत्तर पॅसिफिक महासागरात स्वतःचे बेट वसविले. घरातील भूगोलाच्या पुस्तकात खऱ्या देशांच्या यादीत अॅनने ‘गोंडल’, त्याची राजधानी ‘रेजिना’ आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये नुकतेच सापडलेले ‘गाल्डीन’ ही नावे शाईने भरून टाकिली आहेत. नोव्हेंबर १८३४ मधील दोघींचे एक टिपण उपलब्ध आहे. त्यात बटाटे सोलण्याविषयी स्वयंपाकघरातून होणारा टॅबीबाईंचा तगादा, मागील दारी चाललेले धुणे आणि गोंडलवासीयांनी गाल्डीनच्या अंतर्भागात चालविलेला शोध, ही सर्व वर्तमाने एकाच पंक्तीत बसली आहेत. कोणते खरे व कोणते कल्पित, असा भेद लिहिणारीस जाणवतच नाही.

गोंडलचे गद्य मात्र एक पानही उरले नाही. जे आहे ते कवितांत विखुरलेले: ऑगस्टा जेराल्डीन आल्मेडा ही प्रबळ राणी, ज्यूलियस ब्रेन्झायडा हा जेता व त्याचा खून, तुरुंग, हद्दपारी, यादवी. १८४५ च्या शरदऋतूत एमिलीची कवितांची वही शार्लटच्या हाती लागली. १८४६ साली तिघी बहिणींनी पुरुषी भासणाऱ्या टोपणनावांनी कवितासंग्रह काढिला, तेव्हा एमिलीच्या कवितांतून गोंडलची नावे गाळण्यात आली. वर्षभरात प्रती खपल्या दोन. गाळलेल्या नावांचा परिणाम मोठा मौजेचा झाला. ब्रेन्झायडाच्या मृत्यूवर त्याच्या प्रियेने केलेला विलाप वाचून लोक एमिलीच्या प्रियकराचा शोध करू लागले! १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चरित्रात तर हस्तलिखितातील ‘लव्ह्ज फेअरवेल’ हे शब्द चुकीने ‘लुई पॅरेन्सेल’ असे वाचून त्या नावाचा प्रियकरच उभा करण्यात आला. कल्पित राज्यातील खऱ्या शोकाला खऱ्या जगातील कल्पित माणूस चिकटविला गेला, तो असा.

१८४५ च्या जूनअखेर एमिली व अॅन दोघीच यॉर्कच्या प्रवासास गेल्या. एमिली सत्तावीस वर्षांच्या उंबरठ्यावर, अॅन पंचवीस वर्षांची. साऱ्या वाटेवर त्या गोंडलचे राजपुत्र व राजकन्या होऊन, विद्यालयरूपी राजवाड्यांतून निसटून, प्रजासत्ताकवाल्यांनी जेरीस आणलेल्या राजपक्षास मिळावयास निघाल्या होत्या! महिन्याभराने एमिलीने लिहिले की, गोंडल पूर्वीइतकेच भरभराटीत आहे. अॅनने त्याच सुमारास लिहिले की, गोंडलचा खेळ आता पहिल्यासारखा रंगत नाही. एकाच राज्याच्या दोन राण्यांच्या या दोन नोंदी आहेत. अॅन पाच वर्षे परक्या घरी शिक्षिकेची चाकरी करून नुकतीच परतली होती. एमिलीस घर सोडवत नसे. ‘वदरिंग हाइट्स’ सारखी कादंबरी जिने लिहिली ती एमिली खेळातून कधी बाहेर पडलीच नाही, याचे मला नवल वाटत नाही. त्या कादंबरीचा वारा गोंडलवरूनच वाहत आला आहे.

पुढचा काळ त्वरेने गेला. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरमध्ये एमिली आणि मे १८४९ मध्ये अॅन. शार्लट १८५५ पर्यंत जगली. जिन्नांचे सामर्थ्य या वेळी उपयोगी पडले नाही.

एमिलीच्या कागदांत गोंडलच्या यादवीवरील एक दीर्घ कविता आहे. ती तिने १८४६ साली लिहिली होती. १३ मे १८४८ रोजी, मृत्यूपूर्वी सात महिने, तीच कविता पुन्हा पुढे घेऊन तिने तिचा आरंभ नव्याने लिहावयास घेतला, आणि काही ओळींनंतर लेखणी थांबविली.