विश्लेषण : कामाचे तास कमी केल्यास ब्रिटनमध्ये सरकारी मदत किती?

घरात आजारी माणूस आहे किंवा पाळणाघराच्या शुल्कातच निम्मा पगार जातो. अशा वेळी पूर्णवेळ नोकरी अर्धवेळ करून घेण्याचा विचार ब्रिटनमधील अनेक घरांत होतो. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. घटलेल्या पगाराची काही भरपाई सरकार करते. पण सगळ्यांना नाही आणि पूर्णही नाही.

१६ तासांच्या नियमाचे काय झाले?

पूर्वी ‘इन्कम सपोर्ट’ मिळवायचा तर आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी काम आणि जोडीदाराचे २४ तासांपेक्षा कमी, अशी अट होती. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ने इन्कम सपोर्टसह सहा जुन्या योजनांची जागा घेतली. यात तास नव्हे, तर महिन्याची कमाई मोजली जाते. तरीही ‘१६ तासांच्या आत राहा’ हा सल्ला ओळखीपाळखीत अजून दिला जातो. तो जुना झाला आहे.

हिशेब कसा होतो?

करकपातीनंतर हातात येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून ५५ पेन्स वजा होतात. मुले असतील किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असेल, तर सुरुवातीची काही कमाई यातून वगळतात. २०२५-२६ साठी ही सूट घरभाड्याची मदत घेणाऱ्यांना महिना ४११ पौंड, इतरांना ६८४ पौंड होती.

समजा, मदत आधीपासून सुरू आहे, कमाई या सुटीच्या वर आहे आणि हातात येणारा पगार ४०० पौंडांनी घटला. मदत २२० पौंडांनी वाढेल. उरलेल्या १८० पौंडांची तजवीज घरालाच करावी लागते.

शिवाय १६ हजार पौंडांहून अधिक बचत असेल तर मदत मिळत नाही. जोडप्याची बचत एकत्र धरतात.

स्वत:हून तास कमी केले तर?

खरी मेख इथे आहे. मालकाने तास घटवले तर प्रश्न नसतो. पण ज्यांच्यावर पूर्ण काम करण्याची अट आहे, त्यांनी सबळ कारणाशिवाय स्वत:हून पगार कमी करून घेतला, तर पहिल्या वेळी ९१ दिवसांपर्यंत मूळ भत्ता रोखला जाऊ शकतो. लहान मूल, स्वत:चे आजारपण, कोणाची शुश्रूषा ही कारणे ग्राह्य धरली जाऊ शकतात, पण ती दाखवता आली पाहिजेत. त्यामुळे मालकाचे पत्र, डॉक्टरांचा कागद आधीच हाताशी ठेवलेला बरा. अपंग किंवा आजारी व्यक्तीची आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्यांना कामाची सक्ती साधारणत: नसते.

व्हिसावर असलेल्यांना मिळते का?

नाही. कुशल कामगार व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ अशी अट असते आणि ती मोडणे पुढील व्हिसाला बाधक ठरू शकते. उलट, तास कमी झाल्याने पगार व्हिसाच्या किमान मर्यादेखाली गेला, तर व्हिसाच धोक्यात येतो. कायम वास्तव्याची परवानगी किंवा नागरिकत्व मिळाल्यानंतर ही अट साधारणपणे उरत नाही.

पहिले पैसे कधी?

अर्ज ऑनलाइन होतो आणि पहिला हप्ता साधारण पाच आठवड्यांनी मिळतो. तोवर उचल मागता येते. ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते.